गाता येईल तेवढंच वाजवा: कोकणात राहून बास गिटार शिकताना

बास गिटार हातात आली की बहुतेक जण बोटांच्या मागे लागतात. यूट्यूबवर बघून एखादी अवघड लाइन पाठ करायची, ती दिवसेंदिवस वेगानं वाजवायची, मग दुसरी घ्यायची. वर्षभरात बोटं पळायला लागतात खरी. पण गावातल्या भजनात बुवांनी काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, सूर लावला आणि ‘चल, धर’ म्हटलं की हात थबकतो. पाठ केलेल्या लाइनींत बुवांचं गाणं कुठेच नसतं.

या लेखात मी उलटा क्रम सांगणार आहे. आधी कान आणि गळा, त्यांच्याबरोबर लय, आणि बोटं या सगळ्यांच्या मागून. कुडाळ, देवगड, गुहागर अशा ठिकाणी बास शिकवणारं कुणी जवळपास मिळेलच असं नाही. पण पेटी आणि पखवाज इथे वाडीवाडीत आहेत, आणि बासवाल्याला लागणारं निम्मं शिक्षण या दोन वाद्यांपाशी बसून होतं, असं माझं ठाम मत आहे.

बासवाल्याचं नेमकं काम

बासवाला एकाच वेळी दोन कामं करत असतो. तबला, पखवाज किंवा ड्रम्सच्या जोडीनं तो लय पक्की करतो, आणि गायकाच्या सुराखाली कुठला सूर असावा हे ठरवतो. या दुसऱ्या कामात केवढी ताकद आहे ते बास विकत घेण्याआधीच पेटीवर पडताळून बघता येतं.

पांढरी एकला सा धरा. गळ्यानं ग लावा आणि तो लांबवत राहा. पेटीवर खालच्या सप्तकातला सा दाबा. ग निवांत बसल्यासारखा वाटेल. आता गळ्यातला ग तसाच ठेवून सा सोडा आणि खालचा ध दाबा. तोच ग उदास होतो. मग खालचा म दाबा. ग अधांतरी लटकतो, त्याला पुढे कुठेतरी जावंसं वाटू लागतं. गाणाऱ्यानं काहीही बदललेलं नाही, बदलला तो फक्त तळाचा सूर. हा प्रयोग घाईनं उरकू नका. सात शुद्ध स्वरांपैकी एकेक गळ्यात धरून खाली बाकीचे सहा स्वर लावून बघा. कुठे काय वाटतं ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. त्या नोंदी पुढे गाणी बसवताना उपयोगी पडतात.

बोटांचा वेग याच्यापुढे किती दुय्यम आहे हे जेम्स जेमर्सन यांच्या वादनावरून कळतं. १९६०च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास त्यांचाच आहे, आणि तार छेडायला ते उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरत. शिकताना ती गाणी ऐकाच. आपल्याकडचे ऐकायचे असतील तर चेन्नईचे कीथ पीटर्स ऐका. ए. आर. रहमान यांच्या अनेक गाण्यांत त्यांचा बास आहे, आणि गायकाला कुठे मोकळं सोडावं याची जाण त्यात पावलोपावली दिसते.

वाद्य घेताना

चार तारांची बास पुरे. पाचव्या तारेचा विचार दोनेक वर्षांनी करा. जाड तारेपासून बारीक तारेकडे सूर असतात ई, ए, डी आणि जी. कंपनं अनुक्रमे सेकंदाला साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८. तारेची लांबी नेहमीच्या बासमध्ये ३४ इंच असते. हात लहान असेल किंवा शिकणारं मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर ३० इंचांची आखूड बास घ्या. तिच्यात कमीपणा काही नाही.

जुनी बास घ्यायला हरकत नाही. बघायला जाल तेव्हा प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या प्रत्येक आडव्या धातूच्या पट्टीपाशी, दाबून वाजवा. कुठे खरखर येते का, कुठे शेजारच्याच फ्रेटचा सूर ऐकू येतो का ते बघा. जॅकमध्ये केबल हलवून बघा, नॉब फिरवताना खर्रखर्र होते का ऐका. पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहा. काही बास इतक्या जड असतात की खांदा लगेच तक्रार करतो.

मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बास ऐकून शिकू नका. ४१ कंपनांचा सूर त्यातून जवळजवळ येतच नाही, आपण ऐकतो ते त्या सुराबरोबर उमटणारे वरचे सूर. बरा हेडफोन आणि हेडफोनवर चालणारा छोटा अ‍ॅम्प एवढ्यावर सुरुवात छान होते, आणि रात्री शेजारही जागा होत नाही.

खारी हवा आणि पावसाळा

समुद्राजवळच्या घरात तारांना गंज फार लवकर धरतो. वाजवून झालं की कोरड्या सुती कपड्यानं प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. हा नियम मोडायचा नाही. तारा घेताना आवरण दिलेल्या घ्या. महाग पडतात, पण किनाऱ्यावर त्या वसूल होतात. सपाट वळणाच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा घेतल्या तर आवाज गोल आणि दबका येतो. भजन-अभंगाबरोबर तो आवाज मला फार आवडतो.

जून ते सप्टेंबर बास बंद बॅगेत आठवडेच्या आठवडे ठेवू नका, बुरशी येते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बास रोज बाहेर काढा. भिंत ओल धरणारी असेल तर तिच्यावर टांगू नका. दमट हवेत नेकचा, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लांब दांड्याचा, बाक बदलतो. तो बघायला जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठीक. फारच जास्त किंवा अजिबात नसेल तर नेकमधला रॉड पाव फेराच फिरवायचा, तारा पुन्हा लावायच्या, दिवसभर थांबायचं आणि मग परत बघायचं. आधी कुणाला करताना पाहिलं नसेल तर पहिल्यांदा जाणकाराच्या हातूनच करून घ्या.

पहिले काही आठवडे: एकच सूर

बसून वाजवतानाही पट्टा लावा, म्हणजे उभं राहिल्यावर बासची उंची बदलत नाही. डावं मनगट शक्य तितकं सरळ, अंगठा नेकच्या पाठीमागे मध्यावर. तार फ्रेटच्या अगदी मागे दाबली की कमी जोर लागतो. पहिल्या पाच फ्रेटमध्ये अंतरं मोठी असतात, तिथे चार बोटं चार फ्रेटवर ताणण्याचा हट्ट नको. तर्जनी, मध्यमा आणि करंगळी अशी तीन बोटं तीन फ्रेटवर ठेवा, अनामिका करंगळीला मदत करेल. मनगट दुखलं तर थांबायचं. बोटांच्या टोकांची चुरचुर वेगळी, ती काही दिवसांत जाते.

आता मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. ए तारेचा पाचवा फ्रेट दाबा आणि उजव्या हाताची तर्जनी-मध्यमा आलटूनपालटून चार मात्रांना एक असा सूर वाजवा. सूर कधी सुरू होतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तो कधी संपतो याकडे कुणाचंच नसतं. बासचा अर्धा स्वभाव त्या शेवटात आहे. म्हणून तोच सूर तीन तऱ्हांनी वाजवा: पूर्ण चार मात्रा, नेमक्या दोन मात्रा आणि मग शांतता, आणि जेमतेम अर्धी मात्रा. सूर थांबवायला डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, दाब फक्त सैल करायचा. तार हलकेच बोटाला टेकून गप्प होते.

उजवा हात नेकजवळ नेला की आवाज गोल होतो, ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिथे, नेला की टणक. नॉबला हात न लावता एकाच सुराचे किती रंग निघतात ते शोधा. ज्या तारा वाजत नाहीत त्या गप्प ठेवणं हेही वाजवण्याइतकंच काम आहे. पातळ तारांवर जाताना उजवा अंगठा जाड तारांवर टेकवत न्या. नाहीतर अ‍ॅम्प लावल्यावर सगळा वेळ मागे घरघर चालू राहते.

हे कंटाळवाणं वाटेल. पण एक सूर गोड आणि वेळेवर वाजवणाऱ्याला मंडळी लगेच सोबत बसवून घेतात.

सा कुठे आहे?

इंटरनेटवरचे धडे सी, डी, ई असे बोलतात. आपल्याकडचे गायक काळी एक, पांढरी चार असं बोलतात. बासवाल्याला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, आणि त्याही अशा की विचारल्याबरोबर बोट जागेवर पडलं पाहिजे. सगळ्यात जाड ई तारेवर पट्ट्या अशा येतात:

मोकळी तार: पांढरी तीन
पहिला फ्रेट: पांढरी चार
दुसरा: काळी तीन
तिसरा: पांढरी पाच
चौथा: काळी चार
पाचवा: पांढरी सहा
सहावा: काळी पाच
सातवा: पांढरी सात
आठवा: पांढरी एक
नववा: काळी एक
दहावा: पांढरी दोन
अकरावा: काळी दोन

बाराव्याला पुन्हा पांढरी तीन, वरच्या सप्तकातली. ए तार मोकळी असताना पांढरी सहा देते. तिच्या तिसऱ्या फ्रेटवर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक, सहाव्यावर काळी दोन. पट्ट्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. रोज एकेक चिठ्ठी काढायची, ती पट्टी ई आणि ए या दोन्ही तारांवर शोधायची आणि तिचा सा गायचा.

पेटी जुनी असेल तर ती ट्यूनरच्या ४४०शी, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या प्रमाण सुराशी, जुळेलच असं नाही. अशा वेळी ट्यूनर खिशात ठेवा. पेटीवाल्याला पांढरी सहा धरून ठेवायला सांगा आणि ए तार कानानं मिळवा. दोन सूर जवळ आले की लाटा ऐकू येतात, लाटा मंद होत होत थांबल्या की तार मिळाली. बाकीच्या तारा तिच्यावरून लावा: ई तारेचा पाचवा फ्रेट मोकळ्या ए तारेइतका, ए तारेचा पाचवा फ्रेट मोकळ्या डी इतका, डीचा पाचवा मोकळ्या जी इतका.

सरगम, पण गळ्यासकट

सा ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मध्यमेनं धरा, म्हणजे पांढरी पाच. त्याच तारेवर पाचव्या फ्रेटला करंगळीनं रे. ए तारेवर दुसऱ्याला ग, तिसऱ्याला म, पाचव्याला प. डी तारेवर दुसऱ्याला ध, चौथ्याला नि, पाचव्याला वरचा सा. हा बिलावलचा, म्हणजे सातही शुद्ध स्वरांचा, आकार झाला. तो उचलून कुठल्याही फ्रेटवर नेला तरी बोटांची चाल तीच राहते. पेटीवाल्याला पट्टी बदलली की बोटं बदलावी लागतात. आपल्याला फक्त सरकावं लागतं, ही मोठी सोय आहे.

याच आकारातून म आणि नि गाळले की भूप राग मिळतो: ई तारेवर सा रे, ए तारेवर ग प, डी तारेवर ध सा. प्रत्येक तारेवर दोनच स्वर. सुरुवातीच्या दिवसांत भूप मनसोक्त वाजवा.

आता या लेखाचा मुख्य नियम: जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. बास आपल्या गळ्याच्या फार खाली बोलते, म्हणून आपल्याला सोयीच्या सप्तकात गा. बायकांनी, मुलांनी दोन सप्तकं वर गायलं तरी चालतं, स्वराचं नाव आणि जागा तीच. आधी ‘ग’ असं गायचं, मग बोट ठेवायचं आणि जुळलं का ते ऐकायचं. उलट क्रम नको. १९५१ साली लिओ फेंडर यांची प्रिसिजन बास आली आणि फ्रेट असलेला बास रुळला. फ्रेटमुळे सूर आपोआप जागेवर पडतो, आणि त्यामुळेच कान आळशी राहतो. सारंगीवाल्याला ही सवलत नसते, म्हणून त्याचा कान तसा तयार होतो. आपण तो गळ्याच्या मदतीनं तयार करायचा.

हा विचार नवा नाही, आणि कोकणपट्टीला तर मुळीच नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेजो, म्हणजे लिहिलेले सूर बघून गाणं, शिकवत असत. व्हायोलिन त्याच्या जोडीला. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला गोव्यानं जे वादक आणि संयोजक दिले, त्यांच्यामागे ही परंपरा उभी आहे. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं.

स्वरांमधली अंतरंही तारांवर ठरलेल्या जागी सापडतात. जिथे सा आहे, तिथून पातळ तारेकडे शेजारच्या तारेवर त्याच फ्रेटला म. दोन फ्रेट पुढे प. मधली एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे वरचा सा. आणि शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला खालचा प. सा, खालचा प, म आणि वरचा सा या चार जागा अंधारात सापडायला हव्यात. वीज गेलेल्या संध्याकाळी हा सराव उत्तम होतो, अ‍ॅम्पची गरजच नाही. बासचं वरचं टोक लाकडी कपाटाला टेकवलं की कपाटातून आवाज ऐकू येतो.

लय: पखवाजाच्या डाव्या बाजूला बसा

मेट्रोनोम हवाच, पण तो लय दाखवतो, ठेका शिकवत नाही. ठेका माणसाकडून शिकायचा. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावलेली असते, तिच्यामुळे तो आवाज खोल आणि भरीव होतो. तो आवाज आणि आपला बास एकाच घरातले आहेत. भजनाला जाल तेव्हा पखवाजवाल्याच्या डाव्या हाताशी बसा आणि पूर्ण भजन फक्त तो हात ऐका. सुरुवातीला बास नेऊच नका. मालवणीत सांगायचं तर आधी आयक, मगे वाजय.

घरी तबल्याच्या बोलांनी सुरुवात करा. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, ना के धी ना. टाळी देत म्हणा. यात डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं डावं वाद्य, घुमतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत तो गप्प असतो. आता बासवर पहिल्या मात्रेला सा, सातव्या मात्रेला खालचा प, एवढंच वाजवा. मधली जागा रिकामी राहू द्या. ती भरायची प्रचंड इच्छा होईल. काही दिवस ती आवरा, कारण त्या रिकाम्या जागेत गायकाचे शब्द येतात. नंतर दुसऱ्या मात्रेवर सा परत घ्या, आखूड. मग आठव्या मात्रेवरून समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, येणारा एखादा स्वर. दर वेळी तोंडानं बोल चालूच राहिले पाहिजेत. बोल तुटले तर लाइन अजून आपली झालेली नाही, एक स्वर कमी करा.

दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेला सा, चौथीला प, इथे फारसं अडत नाही. रूपकात मात्र थांबून विचार करायला हवा. सात मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. इथे समेवरच खाली आहे, म्हणजे पहिल्या मात्रेवर डग्गा घुमत नाही. तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. बासवाल्यानं समेवर जोरात सा मारला तर रूपकाचा डौल मोडतो. मी विद्यार्थ्यांना समेवर हलका, आखूड सा किंवा पूर्ण शांतता ठेवायला सांगतो आणि चौथ्या मात्रेवर भरघोस स्वर द्यायला सांगतो. दोन्ही प्रकार करून बघा, फरक लगेच कळतो.

मेट्रोनोमही हळूहळू कमी करत न्यायचा. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर आधी ८० वर लावा. मग ४० वर, म्हणजे दोन मात्रांना एक ठोका. मग २० वर, चार मात्रांना एक. ठोक्यांच्या मधली सगळी लय आता तुमच्या अंगात असायला हवी. पुढच्या ठोक्याआधी पोचलात तर घाई होतेय, बहुतेकांची होतेच. पाय हलवत, बोल म्हणत वाजवलं की ती कमी होते.

भजनात गजर रंगला की लय चढते, आणि ती चढवण्याचा मान पखवाजवाल्याचा आणि बुवांचा. आपण ती ढकलायची नाही आणि ओढूनही धरायची नाही. लय चढेल तसे स्वर कमी करा. आठ मात्रांत चार स्वर वाजवत असाल तर दोन करा. द्रुत लयीत दोन भक्कम स्वर सगळ्या मंडळाला पेलतात.

गाणं कानानं उतरवणं

टॅब, म्हणजे तारा आणि फ्रेट आकड्यांत लिहिलेली गाणी, बघू नका. घरच्या गणपतीपुढे लहानपणापासून म्हणत आलेली एखादी आरती निवडा, कारण चाल आधीच गळ्यात आहे. सा शोधा: चाल गुणगुणताना ज्या स्वरावर थांबल्यावर घरी आल्यासारखं वाटतं तो. तो पेटीवर शोधा, मग बासवर.

आता तळासाठी तीनच स्वर घ्या: सा, म आणि प. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे या तीन जोडण्यांत मिळून सातही शुद्ध स्वर येतात, त्यामुळे साध्या चालीचं बरंचसं काम तिघांत भागतं. ओळीतल्या जोरकस मात्रेवर चाल कुठल्या स्वरावर आहे ते बघा. ग असेल तर खाली सा लावा. ध असेल तर म. रे किंवा नि असेल तर प. चालीत म आला तर आधी खाली म लावून बघा. सा आणि प हे दोन-दोन जोडण्यांत आहेत, तिथे दोन्ही पर्याय वाजवून कानाला काय भावतं ते ठरवा. पण वाजवण्याआधी तळाचा स्वर गायचा, हा नियम इथेही आहे. एकदा चाल गा आणि मनात तळ ऐका, मग तळ गा आणि मनात चाल ऐका. हे जमलं की हात आपोआप जातो.

चाल रागात पक्की बसलेली असेल तर तळ सारखा बदलू नका. तानपुऱ्यासारखं सा आणि प यांवर राहा आणि लयीत खेळा. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, तिथे सा आणि म. रागात नसलेला स्वर तळात घुसला तर गायकाच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. शंका आली की सा वर थांबायचं.

उतरवलेलं लिहून ठेवा. भातखंडे पद्धत पुरते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब. वर मात्रांचे आकडे, खाली शब्द, त्याखाली बासचे स्वर. पुढे ऑर्केस्ट्रात किंवा रेकॉर्डिंगला काम करायचं मनात असेल तर पाश्चात्त्य स्टाफचं, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेल्या सुरांचं, वाचन शिका. बासचे सूर तिथे प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिलेले असतात, एवढं आधीच ध्यानात ठेवा.

मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा, पण ऐका दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी ऐकलं की कान स्वतःची बाजू घेतो. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासा: आज सूर कुठे थांबतात, उद्या लय कुठे पळते.

रोज किती वेळ? अर्धा तास असेल तर दहा मिनिटं गात सरगम, दहा मिनिटं बोल म्हणत ठेका, दहा मिनिटं एक गाणं. तास मिळाला तर वाढीव वेळ सगळा गाण्याला द्या. बोटांचे वेगळे व्यायाम मी पहिल्या वर्षी देत नाही. गाण्यात जिथे बोट अडेल तेवढ्याच जागेचा व्यायाम करायचा.

माणसांत वाजवताना

तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतार बघायला जा आणि एक रात्र रंगमंचाऐवजी वादकांकडे बघत काढा. पात्र कुठल्या सुरात पद उचलेल ते आधी ठरलेलं असेलच असं नाही. पेटीवाला एका क्षणात सूर पकडतो, पखवाज मागोमाग येतो, आणि पात्र बोलायला लागलं की दोघंही आवाज खाली नेतात. साथ म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला वर्ग मला माहीत नाही.

ऑर्केस्ट्रात बसलात तर कीबोर्डवाल्याशी आधी बोला. बास नसताना तो डाव्या हातानं खालचे सूर वाजवत आलेला असतो, त्याची ती सवयच झालेली असते. ‘दादा, डावा हात जरा वरच्या सप्तकात ठेवाल का?’ एवढं नम्रपणे विचारलं की काम होतं. नाही विचारलं तर तळात दोघांचा चिखल होतो, आणि दोष बासला मिळतो. ऑक्टोपॅडवर, म्हणजे ड्रम्सचे आवाज देणाऱ्या विजेवरच्या वाद्यावर, बसलेल्याला त्याच्या किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्यांचा, नमुना हातानं वाजवून दाखवायला सांगा आणि तुमचे मुख्य स्वर त्याच जागी ठेवा. आवाज स्वतःला ऐकू येईल इतकाच. मंडपाच्या पत्र्याखाली खालचे सूर घुमतात, म्हणून आवाज मंडपाबाहेर उभ्या माणसाला विचारून ठरवा.

गणपतीच्या दिवसांतल्या पावसात विजेची काळजी जिवाच्या मोलाची आहे. बासच्या तारा ब्रिजमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपाचं अर्थिंग नीट नसेल आणि तुमचा हात तारांवर असताना ओठ माइकला लागले, तर जबर झटका बसू शकतो. बसण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, अ‍ॅम्प आणि माइकची यंत्रणा एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नका. माइकच्या जाळीतून किंवा तारांतून जरासुद्धा झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पहिल्यांदा मंडळाबरोबर बसाल तेव्हा तीनच गाणी घ्या. प्रत्येकाची पट्टी बुवांकडून आणि ताल पखवाजवाल्याकडून आदल्या दिवशी विचारून लिहून ठेवा. पहिल्या कडव्याला अजिबात वाजवू नका, ऐका. दुसऱ्या कडव्यापासून फक्त समेवर सा द्या. तिसऱ्यापासून प आणि म येऊ द्या. संपल्यावर पखवाजवाल्याला विचारा की कुठे अडथळा झाला. तो सांगेल ती मात्रा वहीत टिपा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाची सुरुवात त्याच मात्रेपासून करा.